बांध कुणाच्या जमिनीत कापायचा

हरिखाली, ८ अग्रहायण

चि. खुकूस दादाचे अ. आ. वि. वि.

फोन केला की तू दर वेळी मीटिंगमध्ये असतेस, म्हणून पत्र लिहितो.

श्रावणात अंगणात शिरलेलं पाणी अजून हटलेलं नाही. खाट विटांवर चढवलीय, चूल खाटेवर चढलीय, आणि आमची ही, तुझी बौदी, म्हणते की आता भात थेट अंथरुणातच वाढते, ताटं कशाला? नदीचं पात्र गाळानं भरून आपल्या खाजणापेक्षा उंच झालं, वर सरकारचा बांध. आत पडलेलं पाणी जाणार कुठून?

तुमच्या ऑफिसची माणसं परवा येऊन गेली. हवामान बदलतंय तर देशानं कसं सावरावं, त्याची मोठी योजना होतेय म्हणे. दवंडीवाला हारान भोंगा घेऊन ओरडत गेला की शाळेत ‘अभिजोजन’ सभा आहे. हा शब्द इथं कुणाच्या बापानं ऐकलाय? सगळ्यांना ऐकू आलं ‘अभिजोग’, म्हणजे तक्रार. ढाक्याहून तक्रारी ऐकायला साहेब आलेत म्हटल्यावर गाव लोटलं. गाजीकाकांनी सांगितलं, निताईची बदकं माझ्या धानात शिरतात. निताई म्हणाला, काकांच्या नातवानं माझं जाळं फाडलं. निताईच्या बायकोनं सासूचं गाऱ्हाणं घातलं, तेही सासूच्या देखत. चष्मेवाली एक मुलगी सगळं मन लावून उतरून घेत होती.

बांध एका जागी कापून काही वर्षं भरती आत घ्यावी, गाळ खाजणात बसू द्यावा, जमीन वर येईल आणि नदीही मोकळी होईल, हे बोलायला मी उभा राहिलो. तेवढ्यात बिर्याणीची पाकिटं आली. मग साक्षात देवाचंही कुणी ऐकलं नसतं.

असंच राहिलं तर या वयात खुलन्याला जाऊन सायकल-व्हॅन ओढावी लागेल. तू त्या ऑफिसात आहेस, काहीतरी कर.

देवघरातल्या ठाकुरांची कृपा तुझ्यावर राहो, उरली तर तुझ्या ऑफिसवरही.

तुझा दादा,
निरापद


ढाका, २० अग्रहायण

ती. स्व. दादास खुकूचा सा. न. वि. वि.

हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. इथल्या मसुद्यात हरिखालीच्या लोकांची पहिली गरज ‘बदकांचे व्यवस्थापन’ अशी नोंदलीय. दुसरी ‘कौटुंबिक सलोखा’. योजना आधी इंग्रजीत लिहितात, मग बांगलात आणतात. मी म्हटलं होतं, ‘अभिजोजन’ऐवजी सरळ ‘जुळवून घेणं’ म्हणा. तर म्हणाले, ते फारच समजतं.

सरांना म्हटलं, आपल्या भागापुढे ‘बांध उंच करणे’ लिहिलंय, ते खोडून भरती आत घेण्याचं घाला. ते म्हणाले, लोकांनी मागितलंय का? लोकांनी तर बदकं मागितलीत. भांडून एवढंच मिळवलं की बांध नेमका कुठे कापायचा, ते खाजणातल्या सगळ्या जमीनवाल्यांनी एकमतानं पौष संपायच्या आत कळवलं, तर ते घेतील.

तुझीही कमाल आहे. कीर्तनात तुझा आवाज नदीपलीकडे जातो आणि सभेत बिर्याणीपुढे हरलास!

रागव, पण माया आटवू नकोस.

तुझी,
सुलता


हरिखाली, १७ पौष

चि. खुकूस अ. आ. वि. वि.

एकमत म्हणे! त्या सभेपासून गाजीकाका आणि निताई एका बाकावर बसत नाहीत. एकाला समजावून दुसऱ्याच्या दारात जावं, तर तोवर पहिला पुन्हा बिथरलेला. बांध कापायला सगळे राजी. कुठे, असं विचारलं की सगळ्यांना एकदम चहाची तलफ येते. कापू तिथली जमीन प्रवाहाबरोबर जाणार, हे कुणाला सांगायला नको. शेवटी गाजीकाका पान थुंकून म्हणाले, अरे निरापद, आमचे उंबरे झिजवतोस, तुझी जमीनही बांधाला लागूनच आहे की!

तिथे बाबांना अग्नी दिलेली जागा आहे, त्यांची समाधी आहे. रोज संध्याकाळी दिवा लावायला मी गुडघाभर पाण्यातून जातो. दोन दिवस ठाकुरांसमोर बसलो. तेही बहुधा मीटिंगमध्ये होते.

काल जाऊन सांगितलं, माझ्याकडे कापा. गाजीकाका खाली बघत राहिले. मग आपला पानाचा डबा त्यांनी निताईपुढे सरकवला. सगळ्यांच्या सह्या, अंगठे सोबत आहेत.

बाबा जितके माझे तितकेच तुझे. तुला न विचारता हो म्हणालो. नको असेल तर लगेच लिही, मी शब्द मागे घेईन.

बौदी तुला कुरमुऱ्यांचे लाडू पाठवतेय, तेवढ्यानं आमच्यावरचा लोभ टिकव.

निरापद


ढाका, २ फाल्गुन

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

योजना छापून आली. गुळगुळीत कागद, वर कमरेइतक्या पाण्यात हसत उभी असलेली एक बाई. का हसतेय, देव जाणे. तुमचा कागद मी स्वतः वेळेत दिला होता. आत आपल्यासाठी एक वाक्य आहे: ‘हरिखाली येथील स्थानिक पर्यायाचा विचार दुसऱ्या टप्प्यात करण्यात येईल.’ दुसरा टप्पा कधी, विचारलं. सर म्हणाले, पहिला संपल्यावर. पहिला कधी संपेल? तर म्हणाले, सुलता, तुम्ही फार मनाला लावून घेता.

बाबांच्या जागेचं वाचून रडले, तुझ्यावर चिडलेही. पण तुझं हो ते माझं हो.

मात्र परवानगीशिवाय बांधाला हात लावू नकोस. तो गुन्हा आहे, दादा, पोलीस धरतील. थोडं थांब.

काळजीत असलेली,
सुलता


हरिखाली, ९ फाल्गुन

चि. खुकूस अ. आ. वि. वि.

थांब म्हणतेस. पाणी थांबलंय तेवढं पुरे.

दोलपौर्णिमेच्या सकाळी मोठी भरती आहे, तेव्हा कापायचं असं गावानं ठरवलंय. पोलिसांचं बोललो, तर गाजीकाका म्हणाले, आले तर त्यांच्याही हातात कोदाळ देऊ. समाधीच्या विटा आधी काढून ठेवू का, असं बौदीनं विचारलं. मी नको म्हटलं. येणारा पहिला गाळ बाबांच्या अंगावरूनच आत येऊ दे.

तू सरकारी नोकर. तुला यातलं काही ठाऊक नाही असं समज, आणि हे पत्र जाळून टाक.

जवळ असतीस तर डोक्यावर हात ठेवला असता.

निरापद


ढाका, १५ फाल्गुन

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पत्र जाळलं नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचते. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. ‘वडिलांचं कार्य’ लिहिलं. सरांनी सही केली आणि म्हणाले, गावी जाताच आहात, तर लोकांना दुसरा टप्पा नीट समजावून या. हो म्हटलं.

माझ्यासाठी एक कोदाळ ठेव. हलकी नको.

बाकी माया भेटीत.

तुझी,
खुकू