स्विचवरचं कुंकू

नाशिक, बुधवार, २३ ऑक्टोबर २००२

खंडेनवमीच्या सकाळी मी सिन्नरच्या कारखान्यातल्या, सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचला हळदकुंकू वाहिलं. त्याच दुपारी बाहेरचा कॉम्प्युटरवाला सानप स्टोअरच्या कॉम्प्युटरमध्ये नवं नेटवर्क कार्ड बसवून गेला. तेव्हापासून ते मशीन रखडतंय. स्विचवर त्याचा दिवा पिवळा, बाकीचे हिरवे.

आज साहेबांसमोर सानप हसून म्हणाला, "काका, तुमचं कुंकू आत गेलंय. देव देव्हाऱ्यातच बरा!"

साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून इथली पूजा बंद."

जिवाला लागलं. खरंच गेलं असेल? मग एकच दिवा पिवळा कसा? त्या मशीनची वायर स्विचवर हिरव्या दिव्याच्या जागी लावून पाहिली. तिथंही पिवळाच. म्हणजे दोष स्विचचा नाही. सानपला हे ठाऊक नसेल?

संध्याकाळी कार्डाची सेटिंग उघडली. वेग दहा मेगाबिटवर बांधलेला, स्विच शंभरचा; पिवळा दिवा त्या कमी वेगाचा. चुकून, की मुद्दाम? देव जाणे. कार्डानं वेग आपणच जुळवावा म्हणून 'ऑटो' केलं आणि दिवा हिरवा झाला. साहेबांना बोलावून दाखवला, पूजेचंही विचारलं.

"करा," ते म्हणाले, "पण जरा लांबून."

सानपवरचा संशय गेला नाही. थोडा स्वतःवरचाही. म्हणून निघताना स्विच कोरड्या फडक्यानं पुसला आणि कुंकवाचं बोट तो ठेवलेल्या कपाटाच्या दाराला लावलं.