पाळकाची आंधळी बायको

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मंडळीतल्या निम्म्या लोकांना तुमचा आवाजही आठवत नाही, आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. गेल्या रविवारी नव्या पाळकांनी प्रकाश आणि अंधार यावर उपदेश केला. पोरगा गुणी आहे, आवाजही खणखणीत. पण ख्रिस्त म्हणजे उजेड हे सांगून झाल्यावर तो तुमच्याच वाटेनं गेला. अंधार म्हणजे पाप, अंधार म्हणजे अज्ञान, अंधार म्हणजे देव नसलेली जागा. मी उठले आणि बाहेर येऊन चिंचेखाली बसले. कुणीतरी मागोमाग येऊन विचारलं, "अक्का, तब्येत बरी नाही का?" म्हटलं, "तब्येत बरी आहे, उपदेश बरा नाही." तुम्ही असता तर घरी आल्यावर माझी चांगली हजेरी घेतली असती. घ्या. या वयात मला कुणाची भीती उरलेली नाही.

मायचे डोळे गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. तुम्ही शिंदखेड्याच्या मंडळीचे पाळक आणि माय सुवार्तिकीण. खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, हे तिचं काम. तिच्याजवळ रंगीत चित्रांची एक मोठी गुंडाळी होती. कुणाच्या तरी ओट्यावर ती खुंटीला अडकवायची, एकेक चित्र उलटायचं आणि गोष्ट सांगायची. तुमचं मराठी शिकून आलेलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. तिनं मात्र आपली अहिराणी सोडली नाही, म्हणून बायका तुमच्यापेक्षा तिचं जास्त ऐकायच्या. हे तुम्हालाही माहीत होतं. मग काचबिंदू झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झाला, आता काही करता येणार नाही. घरी आल्यावर मायनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी ती परातीशी बसली आणि चाचपडत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. पहिल्या चार करपल्या. तुम्ही त्या मुकाट्यानं खाल्ल्या, हे मी विसरलेले नाही. तुम्ही दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मी कधीच तुमचा नाद सोडला असता.

नाताळच्या आधीची ती संध्याकाळची उपासना मात्र मी तुम्हाला माफ केलेली नाही. चर्चमध्ये वीज नव्हती, मधल्या तुळईला गॅसबत्ती टांगलेली असायची. तुम्ही बोलता बोलता पुढे येता, हात वर करता आणि बत्तीची चावी फिरवता. सगळीकडे मिट्ट काळोख. एक तान्हं पोर रडायला लागतं. "प्रभूशिवाय माणसाची ही दशा," तुम्ही म्हणता, "आणि ती पाहायला मला लांब जावं लागत नाही. माझ्या घरात माझी पत्नी रात्रंदिवस अशाच अंधारात बसलेली आहे." मग तुम्ही बत्ती पुन्हा पेटवलीत. दृष्टान्त सगळ्यांना फार आवडला, कितीतरी जणांनी नंतर तुमचा हात हातात घेतला. माय बायकांच्या बाजूला सतरंजीवर पहिल्याच रांगेत बसली होती. बत्ती गेली हेसुद्धा तिला कळलं नव्हतं. कोपरानं ढोसून तिनं मला विचारलं, "काय व्हयनं व? पोरगं काबरं रडस?" मी काय सांगणार होते, आबा? मी म्हटलं, काही नाही.

आठवड्याभरात तुम्ही तिची चित्रांची गुंडाळी उचलून शाळेच्या मास्तरांच्या बायकोला दिलीत. मायला म्हणालात, आता तू विश्रांती घे. खरं कारण मला ओसरीवर ऐकू आलं. तुम्ही मास्तरांना सांगत होता, "खेड्यातले लोक तोंडावर विचारतात, तुमचा देव प्रकाशाचा, मग पाळकाची बायको आंधळी कशी? काय उत्तर द्यावं माणसानं?" तुम्हाला उत्तर येत नव्हतं म्हणून तुम्ही तिला घरात बसवलंत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ती उंबऱ्याशी बसून राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला खेड्यातल्या बायकांची खुशाली विचारायची, आणि दोन महिन्यांत म्हातारी दिसायला लागली. डोळे गेले तेव्हा ती एवढी खचली नव्हती.

एका गुरुवारी तुम्ही दोंडाईच्याला गेला होता. माय पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "चाल, माले लई चाल." कुठं घेऊन जायचं, ते विचारायची गरजच नव्हती. दीड कोस चाललो, कपाशीच्या वावरांमधून, तिचा हात माझ्या हातात. मी वाटाडी म्हणून अगदीच कुचकामी. "नाला शे" म्हणेपर्यंत ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी! माझ्या नावानं तिनं तिथंच शिमगा केला. गावात पोचलो तशा बायका जमल्या. चित्रं नाहीत म्हणून पोरं हिरमुसली. एका म्हातारीनं तुम्हाला छळणारा तोच प्रश्न सरळ विचारला, "बाई, तुना देव उजेडना शे म्हनतस, मंग त्यानी तुना डोया काबरं लई लिधात?"

मला वाटलं, आता माय रडणार. "माले ठाऊक नही व माय," ती म्हणाली. "पन पहिले मी चित्रकडे देखू, तुम्हना तोंडकडे नही. आते कोन मुकाट्यानं रडस, ते माले ऐकू येस." आणि खरंच, मागच्या भिंतीशी एक तरणी बाई तोंडात पदर धरून रडत होती. माझ्या धडधाकट डोळ्यांना ती दिसली नव्हती. मायनं तिला जवळ बोलावलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून पुढची गोष्ट सांगितली. तुम्ही जे उत्तर शोधत होता ते हे होतं, आबा. ठाऊक नाही, एवढं म्हणायची हिंमत तुमच्यात नव्हती, तिच्यात होती.

घरी आलो तर तुम्ही आमच्या आधी येऊन दारात उभे. "आंधळ्या बाईनं लोकांना कुठला प्रकाश दाखवायचा? चारचौघांत माझी शोभा करायची आहे का?" माय ओट्यावर बसली, पायाचा चिखल काढता काढता म्हणाली, "प्रभूनी कबरवर जी बाई पहिले गयी, ती गयी तवय अंधारंच व्हतं ना? तुम्हना शास्तरमाच लिखेल शे." पुनरुत्थानाच्या सणाला दरवर्षी काळोखात उठवून आम्हाला कबरस्तानात नेणारे तुम्हीच होता. छत्री घेतलीत आणि चर्चकडे निघून गेलात. त्यानंतर माय पाय चालेनासे होईपर्यंत, दर गुरुवारी, तुमच्या नाकावर टिच्चून जात राहिली. तुम्ही तिला अडवलं नाहीत, आणि कधी विचारलंही नाहीत की आज काय सांगितलंस.

ते वचन मी अजून काढून वाचते. प्रभू कबरेतून उठला तो उजाडायच्या आधी. कबरेच्या तोंडचा दगड सरला तेव्हा तिथं कुणी बत्ती धरून उभं नव्हतं. मग अंधार ही देव नसलेली जागा कशी? प्रभू प्रकाश आहे हे मी मानते, मरेपर्यंत मानीन. पण तेवढ्यासाठी माझ्या मायला कुणी पापाच्या बाजूला बसवलं तर मी भर उपासनेतून उठून जाईन, पाळक नवा असो की माझा बाप असो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. त्या गुरुवारी परत येताना बाजारपेठेत माझ्या वर्गातल्या मुली समोरून येताना दिसल्या आणि मी मायचा हात सोडला. "काटा मोडना पायमा," म्हणत एका दुकानाच्या आडोशाला जाऊन वाकून बसले. माय भर रस्त्यात एकटी उभी राहिली, हात तसाच पुढे केलेला, दोन्ही बाजूंनी बैलगाड्या चाललेल्या. मुली दिसेनाशा झाल्यावर मी परत गेले. तिनं माझा हात घट्ट धरला आणि एवढंच विचारलं, "निंघना का काटा?"

मी हो म्हणाले. आबा, घरात तिची लाज एकट्या तुम्हालाच वाटली नव्हती.