राणीचं एक वाक्य

रविवार, ४ ऑक्टोबर १९५३
राणी मी! ठाण्याच्या आमच्या नाट्यमंडळात पहिली बाई उभी राहणार, आणि ती मी — नौपाड्यातली साधी मास्तरीण, उत्तरा. आजवर राण्या, दासी, सगळं त्र्यंबकरावच करत. त्यांची कल्याणच्या पोस्टात नोकरी, वय बेचाळीस; बायकांच्या भूमिकांसाठी मिशी कधी ठेवली नाही. आई म्हणाली, "लोक तोंडात शेण घालतील." घालोत!

मंगळवार, १३ ऑक्टोबर
नाटकातल्या प्रधानाला सेनापती नकोसा झालेला. तो राणीला फितवतो, राणी राजाच्या कानाशी लागते — "सेनापतींची नजर मला बरी वाटत नाही." एवढ्यावर निरपराध माणसाचा शिरच्छेद!

मी वाक्य ठासून म्हणत होते. त्र्यंबकराव म्हणाले, "तसं नाही, बाई. चुकून निघाल्यासारखं सांडा. पदराशी चाळा करा, आणि गप्प." स्वतः करून दाखवलं. धोतर-सदऱ्यातला माणूस, क्षणात राणी!

तिसऱ्या खेपेला जमलं. तालीम चिडीचूप.

शनिवार, २४ ऑक्टोबर
हरिहररावांनी थांबवून घेतलं. दिग्दर्शक तेच, मंडळाचे कार्यवाहही तेच. "त्र्यंबक जळतोय तुमच्यावर. भूमिका काढून घ्यायचा घाट आहे."

"मग काय करू?"

"उद्या समितीत अध्यक्ष अण्णा विचारतील, काही अडचण? एवढंच म्हणा, त्र्यंबकराव शिकवतात तेव्हा संकोच वाटतो."

"पण तसं काहीच नाही —"

"मी कुठे म्हणतोय आहे म्हणून? संकोच कुणालाही वाटतो."

रविवार, २५ ऑक्टोबर
म्हटलं.

अण्णा म्हणाले, "बाई, नीट सांगा." मी खाली पाहिलं. पदराशी चाळा केला. "त्र्यंबकराव शिकवतात तेव्हा... संकोच वाटतो." आणि गप्प. अख्खी समिती गप्प! आवाज अगदी हवा तसा पडला.

त्र्यंबकराव समोरच बसले होते. उठले, चपला घातल्या, गेले.

सोमवार
जेवण गेलं नाही. पित्त असेल.

रविवार, २९ नोव्हेंबर
प्रयोग! खुर्ची रिकामी नाही. त्या वाक्याला मागून एक म्हातारी किंचाळली, "सटवे, जीभ झडो तुझी!" याहून मोठी पावती कोणती? लोक तोंडात शेण घालतील म्हणणारी आई पहिल्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होती — माझी मुलगी ती!

रविवार, ६ डिसेंबर
मंडळाची निवडणूक. कार्यवाहपदाला हरिहररावांविरुद्ध त्र्यंबकराव उभे राहणार होते म्हणे. मला आज कळलं! ते आलेच नाहीत. हरिहरराव बिनविरोध. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

सोमवार, ७ डिसेंबर
शाळा सुटताना अण्णा भेटले. "त्र्यंबकवर राग धरू नकोस, पोरी. राणी बाईनेच करावी हा हट्ट त्याचा. तुझं नावही त्यानेच सुचवलं. हरिहरचाच विरोध होता."

मंगळवार, ८ डिसेंबर
कल्याणला गेले. पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिले. तोंडून वाक्य फुटेना. त्र्यंबकरावांनी मान वर केली. "पाकीट की कार्ड, बाई?"

मिशी ठेवली आहे त्यांनी.