बिनलवीचे आडू

प्रिय वहिनी,

तुम्हाला देवाघरी जाऊन वर्ष होत आलं, आणि मला पत्र लिहायचं आज सुचतंय! काय करू, सेलूच्या बाजारात बागवानाच्या पाटीत आडू, म्हणजे पीच, दिसले. अर्ध्यांवर मऊ लव, अर्धे बोरासारखे गुळगुळीत. माझे पायच थांबले.

"अम्मा, दोनो आडूच है," बागवान म्हणाला. "एक को लव रहती, एक को नै. कभी एकीच झाड को दोनो लगते."

घरी येऊन दोन्ही चिरले. आतली खरबरीत कोय अगदी सारखी. लवेचा जास्त रसाळ, गुळगुळीत जरा घट्ट आणि आंबूस. म्हणजे तुम्ही खरंच बोलत होतात!

सुमीच्या वेळी तुम्हाला आडूचेच डोहाळे लागले. हैदराबादेत लहानपणी खाल्लेले ना! दादाने कौतुकाने टोपलीभर झरीला घरी आणले. नवं फळ आधी देवापुढे, मग घरात, ही आईची शिस्त. तिने टोपलीची गाठ सोडली तर निम्म्यांवर लवच नाही.

"देवाच्या आदी चोळून कुणी बघितले? पोटुशी हाय म्हणून एवढी हाव?" आई तुमच्यावर कडाडली.

"मामी, मी हात न्हाई लावला," तुम्ही सासूला म्हणालात. "हे असेच असतेत, बिनलवीचे."

कुणी ऐकलं? सगळे आडू म्हशीपुढे गेले. तुम्हाला एक फोडही मिळाली नाही. तुम्ही आपल्या भाकरी थापायला बसलात. एवढं कशाला सोसायचं, वहिनी? एकदा तरी आईशी भांडायचं होतं!

पण मी कोणत्या तोंडाने बोलतेय? सकाळीच मी गुपचूप टोपलीची गाठ सोडून पाहिली होती. तेव्हाही ते गुळगुळीतच होते. सांगितलं असतं तर मार मला बसला असता, म्हणून गप्प बसले.

आता सुमी पाच वर्षांची आहे. परवा माहेरी गेले, तर तिने नैवेद्याच्या ताटातला लाडू उचलला. "मायवरच गेलीय पोरगी," आई म्हणाली. "ती बी देवाच्या आदीच खायची." सुमीने लाडू मुकाट्याने परत ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी पुन्हा झरीला जातेय. दोन्ही जातींचे आडू राखून ठेवलेत, ते आईच्या हातात देईन. आणि सुमीला मांडीवर घेऊन, आईला ऐकू जाईल असं सांगेन, की तुझ्या आईने टोपलीला हात लावला नव्हता, बाळा. तुझ्या आत्याने लावला होता.

तुमची नणंद,
शकू