हट्टकाळ

कोल्हापूर, मंगळवार संध्याकाळ

लाल पेन शब्दावर टेकवलं आणि परत उचललं. नाही खोडणार.

नर्सिंगच्या मुलींसाठी हृदयाचा धडा मराठीत आणते आहे. ठोका पडला की स्नायुतंतूच्या पातळ पटलावरचा विजेचा भार पुन्हा पहिल्यासारखा होईपर्यंत ते पटल विजेचा दुसरा धक्का मानतच नाही. तेवढ्या काळाला मी ‘हट्टकाळ’ हा शब्द योजला. धडा तपासणारे डॉक्टर फोनवर हसले. “बाई, हृदय म्हंजे काय हट्टी पोरगं हाय? सरळ ‘रिफ्रॅक्टरी पीरियड’ लिहा. न्हाईतर धडा दुसऱ्याला देतो.”

दादा म्हणाला, “एका शब्दापायी काम घालवतीस व्हय?”

घालवते. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तरी काय? हट्टीच की. इंग्रजीत चालतो, मराठीत हसू येतं. हा हट्ट नसता तर स्नायू आवळलेलाच राहिला असता, हृदयात रक्त भरलंच नसतं. मुलींना हे शब्दातच कळायला नको? की मला माझाच शब्द आवडलाय? असेल. तरी हट्टकाळच.

बुधवार. सकाळी पान तसंच पाठवलं. लगेच डॉक्टरांचा फोन वाजला. चहा संपेपर्यंत उचलला नाही.