सासऱ्यांचा आवाज आणि माझं लिनक्स

३० सप्टेंबर, सोमवार
कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकून आठवडा झाला. फुकट, वेगवान. सगळ्या वाल्येवो शहरात हे जमणारा मीच असणार. बायको ल्युबिंका म्हणाली, चांगलं चाललेलं कशाला मोडलंस? दूरदृष्टी नाही.

बारा तारखेला सासऱ्यांना जाऊन वर्ष होतंय. दुखवट्यामुळे वर्षभर घरात ना गाणं, ना टीव्हीचा आवाज. त्या दिवशी कबरीवरून परतलो की सासूबाईंना सासऱ्यांचा व्हिडिओ लावून द्यायचा. घराण्याच्या रक्षक संताच्या सणाला राकिया दारूचा ग्लास उंचावून गातायत, मध्येच मला ओरडतायत. त्यांचा आवाज असलेली ही एकच फाइल. मी बघतो सगळं, असं छातीठोक सांगितलंय.

२ ऑक्टोबर
सासूबाई बाजारात गेल्यावर लावून पाहिला. चित्र झकास. आवाज नाही. किरकोळ बाब.

३ ऑक्टोबर
किरकोळ नाही. दुसरा प्लेअर टाकला, मग तिसरा. तिन्हींत सासरे तोंड उघडतात आणि मिटतात. व्हॉल्यूम शंभर टक्के! फोरमवर एका दीडशहाण्याने विचारलं, स्पीकरची वायर लावली आहे ना? अपमान. वायर बघणं हे नवशिक्यांचं काम. शिवाय ती ओकच्या कपाटामागून जाते, आणि कंबर माझी आहे.

६ ऑक्टोबर, रविवार
सासूबाई मिरच्या भाजता भाजता डोकावल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "जावईबापू, एवढं तर कबरीवरचा फोटोही करतो." साउंड ड्रायव्हरचा प्रश्न आहे, मी म्हटलं. तर म्हणाल्या, "आताच कशाला जिवाचा आटापिटा करताय? वर्ष होऊ दे, मग येईल आवाज." घरात माझ्यावर विश्वास असलेलं एक तरी माणूस आहे.

८ ऑक्टोबर
फोरमवरची कमांड चालवली. नीट वाचायला हवी होती. आता माउसही हलत नाही. अरे देवा! अंगणात जाऊन रडलो. ल्युबिंकाला सांगितलं, मिरचीचा धूर.

१० ऑक्टोबर
निर्णय. सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकायची. भीती कसली? व्हिडिओचा बॅकअप मी आधीच घेतलाय. त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये, म्हणजे नंतर शोधाशोध नको.

११ ऑक्टोबर
नवी सिस्टीम स्वच्छ आहे. फारच स्वच्छ. दोन्ही फोल्डर गेले. व्हिडिओ ल्युबिंकाच्या फोनवरही होता, पण जागा होईना म्हणून मीच उडवायला लावला होता. उद्या वीज जाऊ दे.

१२ ऑक्टोबर, शनिवार
वीज गेली नाही. कबरीवर मेणबत्त्या लावल्या, रीतीप्रमाणे उकडलेले गहू वाटले. घरी आल्यावर सासूबाईंनी मेणबत्त्यांच्या खणातून एक वायर काढली. म्हणाल्या, "हे गेले त्याच दिवशी काढून ठेवली होती मी. दुखवट्याच्या घरात आवाज नको. आज वर्ष सरलं." मग कपाटामागे हात घालून लावलीसुद्धा. स्पीकर खणकन वाजला. डोक्याला बांधलेला दुखवट्याचा काळा रुमाल सोडून त्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "लावा आता, जावईबापू. तुम्हाला कसे ओरडतात ते ऐकू दे."

बाथरूममधून लिहितोय. कडी लावलीये. ल्युबिंका दार वाजवतेय. सासूबाई अजून खुर्चीतच आहेत.

आवाज उत्तम चालतोय.