एकदाच सांगणारी माणसं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग म्हणणार होतो, पण डावा गुडघा सध्या माझं ऐकत नाही, तेव्हा कमरेपर्यंतचा गोड मानून घे.) तुझी कंबर, तुझे दात आणि तुझी वरच्या मजल्यावरची शेजारीण, या तिन्ही दुखण्यांना आता उतार पडला असेल अशी आशा करतो. दाजींना नमस्कार सांग. मी बरा आहे. बरा म्हणजे काय, गेल्या महिन्यात मी एका म्हातारीची शेळी खाल्ली, पण ते पुढे येईलच.

पत्रास कारण की गेले सहा आठवडे तुझी भाची माझ्याकडे मुक्कामाला आहे. तुला ठाऊकच आहे, खारू लिफ्ट तपासण्याच्या कामावर असते. एका सहा मजली इमारतीत तिने लिफ्ट नापास केली, दारावर स्वतःच्या हाताने 'बंद आहे' अशी पाटी लावली आणि जिन्याने उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. उजवं मनगट मोडलं. (लिफ्टचा मालक म्हणे खाली उभा होता आणि त्याने पाणी आणून दिलं. माणूस मोठ्या मनाचा असावा.) एका हाताने एकटीने राहणं जमेना म्हणून आली. आता तू मनात म्हणशील, बापलेकीला निवांत गप्पा मारायला मिळाल्या. ताई, तिची आई गेल्यापासून आमच्या गप्पा म्हणजे 'जेवलात का?' आणि 'पोचलीस का?' एवढ्याच. फोनवर ते शोभतं. समोरासमोर बसल्यावर 'पोचलीस का' असं किती वेळा विचारणार?

पाचव्या दिवशी तिने तिचा खेळ टीव्हीला जोडला. मला वाटलं उड्या आणि गोळ्या असतील. तसं नव्हतं. आपण एका बुडालेल्या राज्यात भटकणारा वाटसरू व्हायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि बंद पडलेल्या किल्ल्याच्या दारापर्यंत पोचायचं. गंमत अशी की या खेळात नकाशा नाही, बाण नाही, कामांची यादी नाही, आणि तिथली माणसं कुठलीही गोष्ट एकदाच सांगतात. पुन्हा गेलात तर म्हणतात, 'मघाशीच बोललो ना आपण.' म्हणून खेळणाऱ्याने वही घेऊनच बसायचं. खारूची बोटांची टोकं तेवढी प्लॅस्टरबाहेर. बटणं दाबता येत, पेन धरता येईना. एक नावाडी भराभर काहीतरी सांगू लागला आणि ती ओरडली, "बाबा, लिहून घ्या, लिहून घ्या!" मी हातातलं वर्तमानपत्र उलटं करून समासात लिहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन दोनशे पानी वही आणली. अशी माझी निवृत्तीनंतरची पहिली नोकरी लागली.

आता चौतीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलेला माणूस टिपणं कशी काढणार? 'घंटावाली : विहिरीमागे, १-०-१.' म्हणजे ती सकाळी आणि संध्याकाळी भेटते, दुपारी नाही. खारू हसली, पण खारूला ते लगेच कळलं. मी हळूहळू रमलो. पहारेकरी उद्धट बोलला की त्याच्या नावापुढे फुली मारायचो. वाटसरू कुठल्याही बाटलीतलं काहीही घशात ओतू लागला की मी हात वर करून तिला थांबवायचो; बाटलीवर ना नाव, ना तारीख, हे काय पिणं झालं? आणि सांगतो ताई, एकदा माझंच खरं ठरलं. झाडपाला विकणारी एक बाई जाता जाता म्हणाली होती की निळं मूळ आणि काळा मध एकत्र पोटात जाऊ देऊ नका. नऊ दिवसांनी एका गोड बोलणाऱ्या सरदाराने नेमकं तेच पेल्यातून पुढे केलं. मी पान सत्तावीस उघडून वाचून दाखवलं. खारूने पेला खाली ठेवला आणि डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. नोकरीत मला कोणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. (मालक मीच होतो, हेही आहे.)

शेळीचं असं झालं. डोंगराखालच्या म्हातारीने एक शेळी आमच्या हवाली केली आणि ती पलीकडच्या वस्तीकडे सोडून द्या म्हणून सांगितलं. मी घाईत लिहिलं, 'शेळी रवाना'. चार दिवसांनी वाटेत अन्न संपलं तेव्हा खारूने विचारलं, शेळीचं काय करायचं होतं? मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, 'शेळी खाना'. आपल्या लिपीतल्या 'र' आणि 'व'ने शेजारी शेजारी बसून इतकी हानी पूर्वी कधी केली नसेल. वाटसरूला मोठी तरतरी आली. वस्तीत मात्र आमच्याशी कोणी बोलेना. आम्ही दिसलो की खिडक्या लावून घ्यायचे. दोन दुपारी आम्ही बंद दारांपुढून हिंडलो. ज्याने आयुष्यभर अकरा डॉक्टरांची अक्षरं लावली, त्याला स्वतःचं एक अक्षर लागू नये! खारू इतकी हसली की मनगट दुखलं म्हणून रडली, आणि मग पुन्हा हसली. घरात तो आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

मागच्या मंगळवारी आम्ही किल्ल्याच्या दाराशी पोचलो. द्वारपालाने एकच प्रश्न विचारला : झाडपालेवालीने पहिल्या भेटीत तुमच्याकडे काय मागितलं होतं? मी ऐटीत पान सात काढलं. ओळ होती. पण ती ओळ होती का मुंगी शाईत पडून चालत गेली होती, सांगता येईना. उजेडात धरली, लांब धरली, चष्मा काढून पाहिली. शेवटी वही खारूकडे दिली. तिने बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि वही परत दिली.

मी म्हणालो, "पुन्हा त्या बाईकडे जाऊ. विचारू."

"ती नाही सांगणार बाबा. ती एकदाच सांगते." मग टीव्हीकडेच बघत ती म्हणाली, "मीसुद्धा एकदाच सांगितलं होतं."

मी विचारलं, काय?

ताई, तुला ते वर्ष आठवत असेल. मी सगळ्यांना सांगत फिरलो की पोरीला दुकानात रस नाही, तिला यंत्रं आवडतात, मग कोणासाठी चालवायचं. आणि शेजारच्या चष्मेवाल्याला जागा देऊन मोकळा झालो. मधली भिंत पाडली तेव्हा खारू आलीसुद्धा नाही. मी समजलो, तिला काही वाटत नाही. तर ती सांगते, त्याच्या आदल्या वर्षी ती शिक्षण संपवून आली होती, गल्ल्याशी उभी राहून म्हणाली होती, "बाबा, मी तुमच्याबरोबर दुकानात येऊ का?" समोर एक गिऱ्हाईक खोकत होतं. मी त्याच्या बाटलीवर चमच्यांची खूण करत होतो. मी वर न बघता म्हणालो, "बघू." तिने थोडी वाट पाहिली आणि ती घरी गेली.

मला यातलं काहीही आठवत नाही. खोकणारा माणूसही आठवत नाही. नावाड्याचं, घंटावालीचं, उद्धट पहारेकऱ्याचं बोलणं मी शब्दन्शब्द उतरवून घेतलं, आणि जी माझ्या घरात वाढली तिचं एक वाक्य माझ्याकडे नाही. मी वहीचं कोरं पान काढलं आणि म्हणालो, "आता सांग. मी लिहून घेतो." मला वाटलं ती चिडेल. ती उशीला टेकून बसली आणि सांगत गेली, मी लिहीत गेलो. पाऊण तास. मध्ये एकदाही मी 'बघू' म्हणालो नाही. संपल्यावर तिने चहा ठेवला, एका हाताने, आणि साखर विसरली. मी तसाच प्यालो.

द्वारपाल अजून दाराशी उभा आहे. त्याला घाई नाही. काल खारूचं प्लॅस्टर निघालं. रविवारी ती परत जाईल. पत्र फार लांबलं. जपून राहा, आणि शेजारणीच्या नादी लागू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. सोबत एक पान जोडलं आहे. खरं तर पत्र त्यासाठीच. ती बोलत होती तेव्हा माझे डोळे फारसे कामाचे नव्हते, त्यामुळे वरच्या चार ओळी सोडल्या तर मला स्वतःलाच काही लागत नाही. तू मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावलीस, माझं अक्षर जगात लागलं तर तुलाच लागेल. एवढं स्वच्छ लिहून पाठव. सगळं नाही जमलं तर शेवटची ओळ तरी. तिथे 'राग' हा शब्द मला दिसतो. त्याच्यापुढे 'आहे' लिहिलंय का 'नाही', तेवढं कळव. तिला पुन्हा विचारायचा मला धीर होत नाही.

ता.ता.क. माझ्या अक्षरातली पाकिटं पोस्टातून परत येतात, म्हणून पत्ता खारू घालणार आहे. आत काय आहे विचारलं तर गुडघ्याची चिठ्ठी आहे असं सांगणार आहे.

आत्या, पाकीट बाबांनी उघडंच दिलं, म्हणून वाचलं. मी त्यांच्या औषधांच्या पुड्यांवरचं अक्षर वाचत मोठी झाले. मला त्यांचं सगळं लागतं. पान सातवरची ओळही लागली होती. हे पानही लागलं, शेवटच्या शब्दासकट. तू मात्र त्यांना काही कळवू नकोस. चष्मा सापडत नाही म्हण. त्यांना मलाच विचारू दे. मी दुसऱ्यांदा सांगेन.

— खारू